मैद्याचा एक कप म्हणजे किती ग्रॅम?

ताई, केक शिकायलीस हे वाचून लई बरं वाटलं, पण आधी कपाचं गणित पक्कं कर. रेसिपीतला कप म्हणजे साधारण 240 एमएलचा, आपला चहाचा कप नाही. त्यात पाणी 240 ग्रॅम बसतं, साखर 200 च्या आसपास आणि मैदा 120-125, म्हणून सगळ्याला एकच आकडा लावू नको.

त्यात मैद्याचा कप कायम सारखा भरत नाही. डब्यात कप खुपसून दाबून भरलास की तोच 140-150 ग्रॅमवर जातो, दोन कपांत 40-50 ग्रॅम मैदा जास्त पडला की केक कोरडा होणार, मग ओव्हनला बोल लावून काय उपयोग. मैदा आधी हलवून मोकळा कर, चमच्या-चमच्यानं कपात टाक, कप आपटू नको अजिबात, आणि सुरीच्या पाठीनं वरचा ढीग सपाट काढ.

ज्वारीच्या पिठाला नेटवरचे आकडे नको लावू, परभणी काय न लातूर काय, प्रत्येक गिरणीचं दळण वेगळं, कुठं बारीक कुठं भरड. तूच एक कप भरून तोल आणि आकडा डब्यावर लिहून ठेव.

आणि जमलं तर डिजिटल वजनकाटा घेच. भांडं ठेवून बटण दाबून शून्य करायचं, मैदा टाकायचा, परत शून्य, मग साखर. बेकिंग पावडर मात्र चमच्यानंच मोज, एवढुसं वजन घरचा साधा काटा नीट पकडत नाही.