जुन्या पीसीवर लाइव्ह जाताना

प्रश्न : ताई, माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे. नुसता गेम खेळलो तर झकास चालतो, पण ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरवरून लाइव्ह गेलो की अडकतो. नवा पीसी सध्या परवडणार नाही.
– एक कॉलेजकुमार, कळवा

उत्तर : नवा पीसी घेऊच नकोस, तुझं कार्ड अजून कामाचं आहे. ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आवळणारा भाग, कोणता निवडलाय ते बघ. तिथे एक्स२६४ असेल, तर व्हिडिओ आवळायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं आणि तुझ्या चार कोअर्सना एकटा गेमच पुरून उरतो. त्याऐवजी एनव्हीएन्क निवड. त्यासाठी कार्डात वेगळा भागच असतो, एरवी तो रिकामा बसलेला. स्ट्रीम ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम्स आणि बिटरेट (दर सेकंदाला पाठवायचा डेटा) ३००० केबीपीएसच्या आसपास ठेव. मोबाइलवर बघणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही.

आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: गेमलाही ६० फ्रेम्सची मर्यादा घाल. कार्ड शंभर टक्के गुंतलं की ओबीएसला चित्र जुळवायला वावच उरत नाही. ओबीएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, मग विंडोज त्याला कार्डावर प्राधान्य देतं. क्रोम बंद, चॅट फोनवर.

आपल्या दमट उकाड्यात धुळीने भरलेला हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग) प्रोसेसरचा वेग पाडतो. पीसी बंद करून, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ काढ. एवढ्यावरही अडकलं, तर ओबीएसचं स्टॅट्स पॅनेल उघड. नेटवर्कमुळे फ्रेम्स गळत असतील, तर वायफाय सोड आणि राउटरपासून लॅनची वायर ओढ.