पप्पा, मग शाळा कशाला असते?

बार्शी तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला दहावीला ९३ टक्के मिळालेत, डॉक्टर व्हायचं म्हणतो. लातूरच्या एका क्लासने दोन वर्षांचं 'पॅकेज' सांगितलं: राहणं, जेवण, नीटची (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची) तयारी, आणि अकरावीचं अ‍ॅडमिशन त्यांच्या 'टाय-अप' कॉलेजात. कॉलेजला जायचं नाही. "हजेरीची आणि जर्नलची काळजी आमच्यावर सोडा," असं तिथला माणूस म्हणाला. रविवारपर्यंत २५ हजार टोकन भरायचंय; क्लास लावू का, असं वडील विचारतात. परतताना एसटीत मुलाने विचारलं, "पप्पा, न जाताही बारावी होते, तर मग शाळा कशाला असते?" वडील लिहितात, "मला उत्तर सुचलं नाही. तुम्ही सांगा."

नमस्कार दादा,

क्लास लावू का, हा तुमचा प्रश्न. त्यापेक्षा तुमच्या मुलाचा प्रश्न चांगला आहे. पण आधी व्यवहाराचं बोलून घेऊ.

क्लासवाले एक गोष्ट खरी सांगतात. नीटच्या रँकमध्ये बारावीचे मार्क धरत नाहीत. खुल्या गटाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के लागतात. तुमच्या मुलाला ते जड नाही. भानगड आहे ती हजेरीची. बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, आणि जो येतच नाही त्याची हजेरी कुणीतरी खोटीच लावणार. याच प्रकाराला आळा घालायला शासनाने २०१८ साली काही विभागांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. उद्या तपासणी झाली तर क्लासवाला हात वर करेल, फॉर्म अडकेल तो तुमच्या मुलाचा.

आता शाळेचं. मी स्वतः चार वर्षं अशाच एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवलीय, त्यामुळे क्लासला शिव्या देणार नाही. तिथली माणसं घाम गाळतात. पण टायट्रेशन (थेंब थेंब टाकून आम्ल-अल्कलीचं प्रमाण मोजायचा प्रयोग) मी फळ्यावर शिकवलं, हे कबूल करतो. फिनॉल्फथॅलीन हे रंग दाखवणारं द्रव्य, आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी, पुढचा प्रश्न. दीडशे पोरांनी लिहून घेतलं आणि परीक्षेत बरोबर उत्तरही दिलं.

लॅबमध्ये हेच कसं होतं सांगतो. खाली फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल, वर ब्युरेटमध्ये (खाली नळ असलेल्या मापाच्या नळीत) सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली. पोरगं थेंब थेंब सोडतं, हलवतं, काही होत नाही. कंटाळून नळ जरा जास्त फिरवतं आणि एकदम गडद गुलाबी. गेलं. ओतून द्या, फ्लास्क धुवा, पुन्हा दहा मिलिलिटर. दुसऱ्यांदा ते घाबरून फारच हळू जातं. तिसऱ्यांदा एका थेंबाला फिकट गुलाबी येतो आणि टिकतो, तेव्हा त्या पोराचा चेहरा बघायचा. (काही जण दोन रीडिंग जुळली की तिसरं जुळवून लिहितात. आमच्या सरांना ते लांबून कळायचं. "९.८, ९.८, ९.८? ब्युरेटला पण इतकी खात्री नसते रे," म्हणायचे आणि पुन्हा करायला लावायचे. कुणाचे मार्क मात्र त्यांनी त्यासाठी कापले नाहीत.)

नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मार्क आणि चुकलं की १ वजा. त्यामुळे क्लासमध्ये दोन वर्षं मुलगा एकच सवय लावून घेतो: खात्री नसेल तर हात लावायचा नाही. परीक्षेपुरती ती सवय शहाणपणाची आहे. पण सोळा ते अठरा या वयात दुसरं काहीच शिकला नाही, तर पुढे वॉर्डात पेशंटसमोर उभा राहिल्यावर काय करेल? तिथे चार पर्याय छापून आलेले नसतात. माझ्या मते शाळा आहे ती यासाठी. चुकलं तर एक वजा होत नाही, अशी आयुष्यातली ती जवळजवळ एकच जागा. गॅदरिंगला भाषण विसरायला, कबड्डीत पहिल्याच चढाईत बाद व्हायला, ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच शेजारी वर्षभर बसायला तिथे पैसे पडत नाहीत.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. दोन वर्षं क्लास, मग एक वर्ष रिपीट. अभ्यास चोख. मी विचारलं, "तुला काही विचारायचंय?" ती आईकडे बघत राहिली. तिच्या क्लासमध्ये शंका अ‍ॅपवर टाकायच्या असत. तीन वर्षांत तिने मोठ्या माणसाला तोंडी प्रश्नच विचारला नव्हता.

१८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं हे सांगितलं होतं: मोडी आणि बाळबोध (देवनागरी) वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, नीती आणि आरोग्याचे धडे. मोडी कशाला? त्या काळी खरेदीखतं, दस्तऐवज मोडीत असत. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला कुणीही फसवावं, अशी गत होती. कागद वाचता यावा म्हणून शाळा मागितली, आणि आपण पोराला खोट्या हजेरीच्या कागदावर सोळाव्या वर्षी सही करायला लावतोय, हे मला बोचतं.

आणि आकडा डोळ्यासमोर ठेवा. २०२५ साली नीटला सुमारे २२ लाख मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून साधारण सव्वा लाख. तुमचा मुलगा त्या सव्वा लाखात येवो, पण न येणाऱ्यांनाही दुसऱ्या दिवशी उठून काहीतरी करायचं असतंच. त्या दिवशी कामाला येतं ते विचारता येणं, चूक मान्य करता येणं, चार अनोळखी माणसांत वावरता येणं.

म्हणजे लातूरला पाठवूच नका, असं नाही. पाठवा, पण अ‍ॅडमिशन रोज भरणाऱ्या कॉलेजात घ्या. सकाळी कॉलेज, दुपारनंतर क्लास, असं करणारी मुलं भरपूर आहेत. दमतात, पण होतं. नाहीतर बार्शीतलंच चांगलं कॉलेज आणि सोबत टेस्ट सिरीज, यानेही पहिलं वर्ष निभतं. खर्चही कमी येईल.

कॉलेज बघायला जाताना मुलाला बरोबर न्या. ऑफिसात नंतर जा, आधी लॅब दाखवा म्हणा. बेसिनला पाणी येतं का, ब्युरेटचा नळ फिरतो का, बाटल्यांवर धूळ किती, हे त्यालाच बघू द्या. लॅबची किल्ली सापडत नसेल तर तिथूनच मागे फिरा.

आणि रविवारपर्यंत टोकन मागतायत ना? सोमवारी सांगतो म्हणावं.