ठाण्यात घराजवळचं, रोज जाता येईल असं साधं हॉटेल कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय की अकोल्याहून बदली होऊन पाचपाखाडीत भाड्याने राहायला आलात. दिवाळीनंतर आई-बाबा दोन महिने येणार आहेत, बाबांना मधुमेह आहे, आईंना फार तिखट सोसत नाही आणि ॲपवरचे तारे बघून गेलात तिथे दोनदा पैसे वाया गेले. मी जन्मापासून नौपाड्यात राहते, म्हणजे तुमच्या शेजारीच. नोकरी सीएसएमटीला, घरी स्वयंपाक करणारी मी एकटी. त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी खालच्या हॉटेलात जेवणं आमच्याकडे वीस वर्षं चालू आहे.

माझं एकच म्हणणं आहे. त्या हॉटेलच्या भटारखान्यात दिवसभर काय शिजतं ते आधी ओळखा आणि तेच मागवा. आपल्याकडच्या मेनू कार्डावर दीडशे-दोनशे नावं असतात. त्यातली वीसेक तिथे खरोखर रोज होतात, बाकीची कोणी मागितली तर उभी केली जातात. तारे देणाऱ्या माणसाने या दोन्हींतलं काय खाल्लं होतं ते आपल्याला कळत नाही, म्हणून फसायला होतं.

उडप्याकडे पहिल्यांदा जाल तेव्हा दुपारी एकला जा, संध्याकाळी नको. संध्याकाळी सगळीकडेच गर्दी असते. दुपारी मात्र बँकेतले, दुकानातले, कोर्टातले, रोज बाहेर जेवणारे लोक असतात आणि ते वाईट जेवण दुसऱ्यांदा सहन करत नाहीत. त्यांच्यासमोर काय आहे ते बघा. राईस प्लेट जास्त दिसली तर तुम्हीही तीच घ्या. सोमवारी जी सुकी भाजी होती तीच मंगळवारीही असेल तर मी परत जात नाही. अडीच वाजता ‘राईस प्लेट संपली’ असं स्पष्ट सांगणारं हॉटेल मला आवडतं, कारण तिथे दुपारचं रात्रीला ढकलत नाहीत.

मग डोशाचा तवा. आमच्या खालच्या हॉटेलात तो काचेआड, गल्ल्याच्या शेजारीच आहे. लहानपणापासून मी तिथे उभी राहून बघत आले आहे. डोसा टाकणारा आधी तव्यावर पाणी शिंपडतो, चर्र आवाज होऊन वाफ वर जाते, हिराच्या केरसुणीने तो तवा झरझर पुसतो आणि लगेच पीठ ओतून वाटीच्या बुडाने आतून बाहेर फिरवत नेतो. तवा फार तापलेला असला तर पीठ पसरायच्या आतच आवळतं आणि त्याचे गोळे होतात, म्हणून ते पाणी. रविवारी रात्री पंधरा डोशांची ऑर्डर एकदम आली की कच्चा माणूस हे पाणी मारायचं सोडून देतो आणि मग डोसा कडेला करपलेला, मध्ये जाड आणि चिकट येतो. गर्दीतही पाणी मारणारा माणूस ज्या तव्यावर आहे, तिथे डोळे झाकून जा. तो हॉटेल सोडून गेला की डोसा बिघडतो, पाटी तीच असली तरी.

पंजाबी भाज्यांचं सांगते, कारण तुमचे पैसे बहुधा तिथेच गेले असणार. अशा हॉटेलांत सकाळी दोन-तीन ग्रेव्ह्या करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू-मगजबीची पांढरी आणि कुठे कुठे हळदीची पिवळी. पनीर बटर मसाला, पनीर माखनवाला, पनीर टिक्का मसाला यांत फरक असतो तो वरून पडणाऱ्या लोण्या-क्रीमचा आणि पनीर भाजलंय की नुसतं सोडलंय याचा. यात लबाडी नाही. चाळीस टेबलं वीस मिनिटांत जेवायला घालायची तर असंच करावं लागतं. पण तीन पनीरच्या भाज्या मागवल्या की तिन्ही सारख्या लागतात आणि साडेसातशे रुपये जातात. चौघांत एक ग्रेव्हीची भाजी, एक सुकी भाजी (भेंडी किंवा जिरा आलू), दाल फ्राय आणि जिरा राईस एवढं पुरतं. सूप हवं असेल तर ‘वन बाय टू’ म्हणा, इथे तसं मागायला कोणी लाजत नाही. आईंसाठी व्हेज कोल्हापुरी मागवू नका. पांढऱ्या ग्रेव्हीचं काहीही चालेल, ‘तिखट कमी’ असं वेगळं सांगावंही लागत नाही.

बाबांच्या साखरेकडे मात्र लक्ष द्या. आमच्याकडच्या उडप्यांच्या सांबारात बहुतेक ठिकाणी गूळ असतो आणि तो पहिल्या घासालाच कळतो. माझ्या वडिलांनाही मधुमेह होता. सांबार म्हणजे डाळच की, असं समजून आम्ही वर्षभर वाटीवर वाटी देत होतो, नंतर लक्षात आलं. चहात साखर आधीच घातलेली असते, त्यामुळे ‘कमी साखर’ म्हणून उपयोग नाही, ‘बिनसाखरेचा वेगळा करा’ असंच म्हणा. मसाला डोशाऐवजी साधा सांगा, म्हणजे बटाटा जातो. राईस प्लेटमध्ये गोड असलं तर त्याऐवजी ताक मागा, नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात.

नेहमीचं गिऱ्हाईक होणं हा यातला सर्वांत मोठा भाग आहे, म्हणून पाच ठिकाणं चाखत फिरण्यापेक्षा एका ठिकाणी पाच वेळा जा. शक्यतो त्याच वेळी जा, त्याच वेटरच्या टेबलावर बसा, त्याचं नाव विचारा. माझ्या आईच्या दाढा काढल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ती चौथ्या दिवशी हट्टाने खाली आली आणि इडली मागवली. आमच्याकडे बघून वेटर काही न बोलता आत गेला. येताना इडली खोल वाडग्यात, कोमट सांबारात पूर्ण बुडवून आणली होती आणि चमच्याने आधीच मोडली होती. आईने एक शब्द न बोलता वाडगा रिकामा केला. तो माणूस कुंदापूरकडचा, मराठी ठाण्यात येऊन शिकलेला. चार वर्षं झाली तो गावी परत गेला, आई अजून त्याची चौकशी करते.

घरी मासे खात असाल तर मालवणी खानावळीत जरूर न्या. बुधवार, शुक्रवार, रविवार हे वार धरा, तेव्हा खप जास्त आणि माल ताजा. तुमचे आई-बाबा असतील तेव्हा मार्गशीर्ष असेल. त्यातल्या गुरुवारी अर्धं ठाणं शाकाहारी असतं, त्या दिवशी मासे टाळा. ते पावसाळ्यात येणार असते तर मी नकोच म्हटलं असतं, कारण १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांनी मासेमारी करायला बंदी असते आणि ताटात पडणारी सुरमई बर्फातली असते. काट्यांची सवय नसेल तर सुरमईची तुकडी सांगा, तिला मधला एकच मोठा काटा. बांगडा चवीला जास्त, पण काटे बारीक. दुपारी साडेतीन ते सात यातली बरीच ठिकाणं बंद असतात, फोन करून निघा.

बिलाचं थोडक्यात. अशा हॉटेलात जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. बिलावर ‘कंपोझिशन’ योजनेचा उल्लेख असेल तर त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचाच नसतो. सेवा शुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. घोडबंदर रोडच्या एका हॉटेलात आमच्या बिलात १० टक्के लावले होते. मी काढा म्हटलं, मॅनेजरने जरा वाद घातला आणि काढले. नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. साध्या उडप्याकडे हे सहसा होत नाही. तिथे टीप वेटरच्या हातात द्या, बडीशेपेच्या वाटीत ठेवली तर कोणाला मिळेल ते सांगता येत नाही.

आई-बाबा आले की पहिल्याच दिवशी मामलेदार मिसळ खायला नेण्याचा मोह होईल. तहसील कचेरीला लागून आहे म्हणून ते नाव. चव उत्तम, पण रस्सा झणझणीत. त्यामुळे आईंना कमी तिखट सांगा आणि सोबत ताक ठेवा. संध्याकाळी तलावपाळीला चक्कर मारून साडेसातच्या आत घराजवळच्या हॉटेलात पोचलात तर टेबल लगेच मिळेल. साडेआठनंतर दाराशी नाव लिहून उभं राहावं लागतं आणि बाबांना औषधाच्या वेळी जेवण मिळत नाही.

ते यायच्या आधी तुमच्या हातात अजून काही आठवडे आहेत. या शनिवारी दुपारी एकला खाली उतरा आणि पहिली राईस प्लेट खाऊन बघा. कुठली सुकी भाजी होती ते इथे लिहिलंत तर मी पुढचं सांगते.