जुन्या सागवानी खुर्चीचे निखळलेले सांधे सरसाने जोडावेत की फेव्हिकॉलने?

सांधे मुळात सरसाने जोडलेले असतील, तर दुरुस्तीलाही सरसच वापरावा. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यातील कोलॅजेन हे प्रथिन. ते उष्णता आणि ओलावा मिळताच पुन्हा मऊ पडते, त्यामुळे नवा गरम सरस सांध्यात उरलेल्या जुन्या थराशी एकजीव होतो, तर फेव्हिकॉल त्या थरावर नीट धरत नाही आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो खरवडताना चांगले लाकूडही निघून येते. जुना थर सरसाचाच आहे ना, हे पाहण्यासाठी त्यावर गरम पाण्यात पिळलेले फडके काही मिनिटे ठेवावे. थर बुळबुळीत व चिकट झाला, तर बहुधा तो सरसच आहे.

सरसाचे खडे रात्रभर थंड पाण्यात फुगू द्यावेत आणि मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सुमारे ६० अंश सेल्सिअसला पातळ करावेत. थेट आचेवर मुळीच ठेवू नयेत, कारण उकळलेल्या सरसाची पकड कमी होते. ब्रशवरून न तुटता बारीक धार पडू लागली की दाटपणा योग्य समजावा. लावण्यापूर्वी सांधाही कोमट करून घ्यावा, कारण थंड लाकडावर सरस मिनिटभरातच गोठू लागतो. लगेच क्लॅम्प लावून सांधा रात्रभर तसाच ठेवावा.

मात्र खुर्ची अंगणात किंवा पावसाची झड येणाऱ्या ओसरीवर राहणार असेल, तर सरस वापरू नये. सततच्या ओलाव्याने सांधा पुन्हा सुटतो.