धरणे, चिकटणे आणि आसंजन

मिरजेच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : ‘चिकटणे हा साधा शब्द असताना विज्ञानाच्या पुस्तकात आसंजन कशाला? आणि संसंजन म्हणजेही तेच ना?’

नाही, तेच नव्हे. दोन वेगळ्या पदार्थांचे कण एकमेकांना ओढतात ते आसंजन. एकाच पदार्थाचे कण आपसांत ओढतात ते संसंजन. अळूच्या पानावर पाण्याचा मोती होतो, कारण तिथे पाण्याची आपसांतली ओढ वरचढ ठरते. स्वच्छ काचेवर तेच पाणी पसरतं.

‘चिकटणे’ची अडचण होते ती ‘चिकट’मुळे. काकवी चिकट खरी, पण काकवीने फळ्या जोडून कुणी दार केलेलं नाही. फेविक्विक मात्र पाण्यासारखं पातळ, आणि बोटं सोडवता सुटत नाहीत. कणांची ही ओढ अंतर मिलिमीटरच्या १० लाखाव्या भागाच्या आसपास आलं की कुठे जाणवू लागते. त्या मापाने पाहिलं तर गुळगुळीत फरशीही खाचखळग्यांनी भरलेली असते, म्हणून कोरड्या फरश्या एकमेकींवर रचल्या तरी सुट्ट्याच राहतात. पातळ गोंद त्या खाचांत उतरतो, पृष्ठभाग भिजवतो आणि मग कडक होतो.

बोलीत यासाठी फार चांगला शब्द आहे, ‘धरणे’. सांगलीत आमचा पंक्चरवाला आधी ट्यूब कानशीने खरवडतो, भुकटी पुसतो, सोल्युशन लावतो आणि थांबतो. मी एकदा घाई केली, तर म्हणाला, “वाळू द्या की दादा, न्हाईतर पॅच धरायचा न्हाई.” गुळगुळीत काँक्रीटला गवंडी टाचे मारतो तेही गिलावा धरावा म्हणूनच. ओलीवर, तेलकटावर रंग धरत नाही. ‘धरणे’ म्हणताना पदार्थ किती चिकट आहे हा प्रश्नच येत नाही. कशाने कशाला धरलं एवढंच पाहिलं जातं, आणि आसंजनाचा अर्थ नेमका तोच आहे.

जोड सुटला की तो कुठे सुटला तेही बघावं. एक बाजू अगदी स्वच्छ निघाली तर आसंजन कमी पडलं. दोन्हीकडे गोंदाचा थर राहिला तर गोंद मधूनच फाटला, म्हणजे संसंजन कमी पडलं. हा फरक एकट्या ‘चिकटणे’ने सांगता येत नाही, म्हणून पुस्तकात दोन्ही शब्द हवेतच.

आणि आसंजन परकंही नाही. ‘सञ्ज्’ म्हणजे लागून राहणे. त्याच धातूपासून संग, प्रसंग, अनुषंग, आसक्ती आणि आपला लाडका व्यासंग. (सक्तमजुरीतला ‘सक्त’ या घरातला नव्हे, तो फारसी.) वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातही चिकटवणाऱ्या पदार्थांना ‘आसंजके’ म्हटलं आहे.

बाई, वर्गात आधी ‘धरणे’ सांगा, दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून मुलांना ओढायला लावा, आणि मग फळ्यावर ‘आसंजन’ लिहा.