कॅन्यन, नाळ आणि फियॉर्ड

सांदण दरीला ‘महाराष्ट्राचे ग्रँड कॅन्यन’ आणि कोकणातील खाड्यांना ‘भारतातील फियॉर्ड’ म्हणणे योग्य आहे काय, तसेच फियॉर्डसाठी ‘हिमखाडी’ हा प्रतिशब्द चालेल काय, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्या दोन्ही प्रयोगांना माझे उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. सहलींच्या जाहिरातींत हे शब्द इतक्या सढळ हाताने उधळले जातात की दोन डोंगरांमधून पाणी दिसले की फियॉर्ड आणि पाणी नसले की कॅन्यन, असाच जणू नियम होऊन बसला आहे. दरी, खोरे आणि खिंड यांतील भेद शालेय भूगोलात येतो, म्हणून तो येथे सोडून देतो.

फियॉर्ड कोरतो तो बर्फ. हिमनदी दरीचा तळ आणि दोन्ही भिंती घासत पुढे सरकते, त्यामुळे दरीचा छेद इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा होतो आणि बर्फ वितळल्यावर तिच्यात समुद्र शिरतो. नॉर्वेतील सोग्नफियॉर्ड सुमारे २०० किलोमीटर लांब असून आत त्याची खोली १,३०० मीटरपर्यंत जाते, मुखाशी मात्र ती २०० मीटरही भरत नाही. आत खोल आणि दाराशी उथळ ही हिमनदीची खूण आहे. कोकणात हिमनदी कधी नव्हतीच. तेथील खाड्या म्हणजे समुद्राची पातळी वाढल्यावर बुडालेली नद्यांची मुखे होत, आणि त्यांच्यासाठी भूगोलात स्पेनच्या गॅलिशिया प्रांतातून आलेला ‘रिया’ हा शब्द आहे.

कॅन्यन नदीने कोरलेला असतो, आणि त्यासाठी कोरडी हवा विशेष अनुकूल असते. कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतातील बर्फाचे पाणी घेऊन रुक्ष पठारात उतरते आणि तळ खाली खाली कापत जाते. पाऊस तुटपुंजा असल्यामुळे काठ झिजून उतरते होत नाहीत. त्यातूनच ४४६ किलोमीटर लांबीचा आणि सुमारे १,८०० मीटर खोलीचा ग्रँड कॅन्यन घडला. सांदण ही सह्याद्रीच्या काळ्या कातळातील चिंचोळी घळ आहे आणि तिला घळ म्हटल्याने तिचे काहीही कमी होत नाही.

आता खऱ्या मौजेकडे वळतो. कॅन्यन हा शब्द स्पॅनिश ‘कान्योन’पासून आला. ‘कान्यो’ म्हणजे नळी, तिच्या मागे लॅटिन ‘कान्ना’ म्हणजे बोरू, आणि त्याही मागे मेसोपोटेमियातील अक्कादी भाषेचा ‘कनू’. तोफेला आणि बंदुकीच्या नळीलाही स्पॅनिशमध्ये ‘कान्योन’च म्हणतात. काही व्युत्पत्तिकारांना मात्र हे मान्य नाही. सोळाव्या शतकातील लेखनात ‘काय्योन’ असे रूप सापडते, म्हणून ते या शब्दाचा संबंध ‘काय्ये’, म्हणजे रस्ता, आणि त्याच्या मागील लॅटिन ‘कालिस’, म्हणजे गुराढोरांची पाऊलवाट, याच्याशी जोडतात. एका जुन्या लेखनभेदावर एवढी इमारत उभारणाऱ्या या विद्वानांनी एकदा सह्याद्रीकडे पाहायला हवे होते. संस्कृतात ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे बोरू आणि ‘नाल’ म्हणजे पोकळ देठ; तीच मराठीतली नाळ आणि नळी. आपण बंदुकीची नळी म्हणतो आणि कड्यातून तीव्र उताराने उतरणाऱ्या घळीला नाळ म्हणतो, जसे लिंगाण्याजवळची बोराट्याची नाळ. बोरू, नळी, बंदूक आणि डोंगर ही चारही घरे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच क्रमाने गाठली आहेत. हरिश्चंद्रगडाची ‘नळीची वाट’ तर ‘काय्ये’वाल्यांना थेट उत्तर देते: जेथे घळीतून माणसे खरोखरच ये-जा करतात तेथेही आपल्या लोकांनी भूरूपाला नाव दिले ते नळीचे, आणि ‘वाट’ हा शब्द वेगळा जोडला. परक्या भाषेतील साम्य हा पुरावा होत नाही, असा आक्षेप येईल. तो तर्कशास्त्राला धरून असला तरी ‘नळी’ ही कल्पना डोंगराला ओढूनताणून लावलेली आहे, हे म्हणणे तरी यापुढे कोणी करू नये. अर्थात नाळ शब्दाने अशी साक्ष दिली म्हणून बोराट्याची नाळ कॅन्यन ठरत नाही. जाहिरातदारांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

फियॉर्डचे कुळही लहान नाही. ज्या आदिम धातूपासून तो आला त्याचा अर्थ ‘ओलांडणे’ असा असून लॅटिन ‘पोर्तुस’, म्हणजे बंदर, आणि आपला ‘पार’ हे त्याचेच भाईबंद आहेत.

‘हिमखाडी’ हा शब्द भूगोलाच्या वर्णनात संज्ञा म्हणून मला पटतो, कारण त्यात बर्फ आणि समुद्र हे दोन्ही घटक आले आहेत. स्थळनामांत मात्र तो घुसवू नये. खुद्द नॉर्वेचे लोक हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांइतक्या काटेकोरपणे वापरत नाहीत. ऑस्लोच्या वायव्येस असलेला तिरीफियॉर्ड हा गोड्या पाण्याचा तलाव आहे, आणि त्याची ‘तिरी हिमखाडी’ केली तर तिच्यासाठी समुद्र कोठून आणायचा?