घरी पण माती, शाळेत पण माती?

"मॅडम, आम्ही बागंत मरतोय ते कमी हाय व्हय? पोरगं साळंत पण खुरपंच धरतंय."

तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदार बापाचं हे वाक्य. शाळेत परसबाग सुरू झाली की थोड्याफार फरकानं अनेक घरांतून हेच ऐकू येतं. म्हणून माझ्या समुपदेशनाच्या कामातला हा एक अनुभव, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

मुलगा सहावीत. गणिताची वही लपवायचा. वहीत खोडरबरानं घासून पडलेली भोकं.

"परसबागेत काय करतोस?"

"पाणी आणतो. तण काढतो."

"काय पेरलंय?"

"सर सांगतील ते."

म्हणजे बापाची तक्रार त्या दिवशी तरी खरी होती. पाणी वाहणं आणि पालापाचोळा गोळा करणं एवढंच मुलांच्या वाट्याला येत असेल, तर ती वेठबिगार झाली. शाळेला इतकंच सुचवलं की चार-पाच मुलांत एक वाफा द्या, काय पेरायचं ते त्यांना ठरवू द्या आणि सोबत एक वही द्या.

वाफा 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद. याहून रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मध्यापर्यंत पोचायला हवा. मेथीच्या ओळी 20 सेंटिमीटरवर, दोन्ही टोकांना 10 सेंटिमीटर सोडून. मुलानं 180 भागिले 20 केलं, 9 आले. दोरी लावल्यावर ओळी भरल्या 10. पोरं भांडली, पुन्हा मोजलं. अंतरं नऊ आणि ओळी दहा, हे फळ्यावर कितीदा सांगितलं असेल!

पण खरी गोष्ट पुढे घडली. चौथ्या भेटीत त्यानं परसबागेची वही आणली, वडील शेजारी बसले होते. वहीत लिहिलं होतं: "पहिली ओळ 50 दाणे, उगवले 11. बोटाची दोन पेरं खोल टाकले. दुसरी ओळ 50 दाणे, उगवले 41. एक सेंटिमीटर खोल. पहिल्या ओळीवर पाणी ओतल्यामुळं पपडी पण धरली."

खाडाखोड कुठेच नव्हती. आपली चूक त्यानं स्वतःच्या हातानं, कारणासकट लिहिली होती. बराच वेळ मीही काही बोलले नाही.

वडिलांनी दोनदा वाचलं. मग खिशातून स्वतःची फवारणीची वही काढली: तारीख, औषध, लिटरला किती मिली, नंतर पाऊस आला का. "आमचं बी असंच असतंय," एवढंच म्हणाले.

सहा ते बारा या वयात मूल स्वतःला सतत एकच प्रश्न विचारत असतं: मला जमतं का? एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाची ही मांडणी मला कामात पदोपदी पटते. गणिताच्या वहीत उत्तर चुकलं की लाल फुली. वाफ्यात चुकलं की चार दिवसांत दिसतं आणि ओळ पुन्हा पेरता येते. या मुलाला आधी हवी होती ती चुकायची जागा, शिकवणी नंतर. आणि हातांनी शिकणं आपल्या भागाला परकं थोडंच आहे? 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' इथंच रुजवलं.

शिक्षकांसाठी थोडं. आपल्या काळ्या मातीवर जोरात पाणी पडलं की पपडी धरते आणि कोंब आत अडकतो. वरच्या थरात चाळलेलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि भोकं पाडलेल्या डब्यानंच पाणी द्या. मुलं पाणी नेहमी जास्तच घालतात; बोट खुपसून माती ओली लागली तर त्या दिवशी पाणी नाही, हा नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्या. 2 चौरस मीटरला मेथीचं 5 ते 6 ग्रॅम बी पुरतं, मूठभर फेकलं तर दाटीनं रोपं कोलमडतात. धने रगडून दोन फाका करून पेरा. ते उगवायला आठ-दहा दिवस घेतात, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ती उकरून बघतात. भर पावसात मेथी सडते, तेव्हा भेंडी-गवार बरी. मेथी, पालक, मुळा दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. मेथी महिनाभरात निघते, त्यामुळं एका सत्रात दोनदा चुकता येतं.

पालकांनो, घरी आल्यावर "किती काम केलंस?" असं विचारू नका. "किती उगवलं, आणि का नाही उगवलं?" हे विचारा. त्या वडिलांनी पुढच्या भेटीत तक्रार केली ती वेगळीच: "आता पोरगं माझ्या वहीतल्या चुका काढतंय."